विश्लेषण : आर्चबिशपनी पद सोडले, पण चर्चमधील मुले सुरक्षित झाली का?

कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीनामा जाहीर केला. त्यांच्यावर अत्याचाराचा आरोप नव्हता. अत्याचाराची माहिती मिळूनही पुरेसा पाठपुरावा न केल्याचा ठपका होता. या राजीनाम्यानंतर ‘चर्च ऑफ इंग्लंड’मध्ये एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. चर्चमधील तक्रारींची चौकशी चर्चनेच करावी का?

जॉन स्मिथ प्रकरण काय?

जॉन स्मिथ हा ब्रिटनमधील नामवंत बॅरिस्टर. उच्चभ्रू शाळांतील मुलांसाठी ख्रिस्ती शिबिरे भरवणाऱ्या न्यासाचा तो अध्यक्ष होता. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९८०च्या सुरुवातीला शिबिरांतून आणि शाळेतून ओळख झालेल्या मुलांना तो विंचेस्टरमधील घरी बोलावत असे. तेथील बागेतल्या शेडमध्ये ‘पापाचे प्रायश्चित्त’ म्हणून त्यांना रक्त येईपर्यंत छडीने मारले जाई. १९८२ मध्ये याचा गोपनीय अहवाल तयार झाला, मात्र पोलिसांना कळवले गेले नाही. स्मिथ १९८४ मध्ये झिम्बाब्वेला गेला आणि तेथेही शिबिरे सुरू केली. १९९२ मध्ये तेथील शिबिरात १६ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याबाबतचा खटला पुढे बारगळला. २०१८ मध्ये केपटाऊनमध्ये स्मिथचा मृत्यू झाला, तोवर त्याला कोणत्याही न्यायालयाने शिक्षा सुनावली नव्हती.

चौकशी अहवालात काय आढळले?

कीथ मेकिन यांचा अहवाल ७ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. ब्रिटन आणि आफ्रिकेत मिळून शंभराहून अधिक मुले आणि तरुण या छळाला बळी पडल्याचे त्यात नमूद आहे. २०१३ पासून चर्चच्या वरिष्ठ पातळीवर ही माहिती होती. पोलिसांना कळवण्यात आल्याचे आपल्याला सांगितले गेले होते, असे वेल्बी यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात पुरेशी औपचारिक तक्रार झालीच नव्हती. प्रत्येक जण ‘दुसऱ्याने कळवले असेल’ असे गृहीत धरत राहिला.

दुर्बल व्यक्ती म्हणजे कोण?

केवळ लहान मुले नव्हेत. स्मिथच्या पीडितांमध्ये विद्यापीठात शिकणारे सज्ञान तरुणही होते. वय, आजारपण, अपंगत्व किंवा नुकताच झालेला वियोग माणसाला दुर्बल करतो. पण समोरचा देवाच्या नावाने बोलतो, ही श्रद्धाही त्याला दुर्बल करू शकते. अशा नात्यात वरवरच्या ‘संमती’ला फारसा अर्थ उरत नाही.

स्वतंत्र यंत्रणेवरून वाद का?

सध्या धर्मप्रांतातील सुरक्षा अधिकारी त्याच धर्मप्रांताच्या सेवेत असतात. म्हणजे ज्याच्या कारभाराची तपासणी करायची, पगारही त्याच व्यवस्थेकडून. प्रा. अलेक्सिस जे यांनी फेब्रुवारी २०२४ मधील अहवालात यावर उपाय सुचवला : सुरक्षेचे काम करणारी एक आणि तिच्यावर देखरेख ठेवणारी दुसरी, अशा दोन स्वतंत्र संस्था. फेब्रुवारी २०२५ मध्ये चर्चच्या महासभेने मात्र मधला मार्ग निवडला. देखरेख स्वतंत्र होईल, राष्ट्रीय पातळीवरील कर्मचारी बाहेरच्या संस्थेकडे जातील. धर्मप्रांतांतील अधिकारी तूर्त आहेत तिथेच राहतील आणि पूर्ण स्वातंत्र्याच्या पर्यायावर आणखी काम होईल. घाईने सगळी रचना बदलल्यास स्थानिक पातळीवरील काम विस्कळीत होईल, हा समर्थकांचा युक्तिवाद. अनेक पीडितांना ही टाळाटाळ वाटली.

भारतात कायदा काय सांगतो?

अँग्लिकन परंपरेशी जोडलेल्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची चर्च मुंबई, पुण्यातही आहेत. मात्र कायदा एका धर्मापुरता नाही. ‘पोक्सो’ कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार, १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळल्यास कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अंतर्गत चौकशी सुरू आहे, ही सबब चालत नाही. परंतु १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना या कायद्याचे कवच नाही.

पुढे काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मुलाली यांची कँटरबरीच्या पहिल्या महिला आर्चबिशप म्हणून निवड जाहीर झाली. त्या पूर्वी इंग्लंडच्या मुख्य परिचारिका अधिकारी होत्या. पण कसोटी व्यक्तीची नाही, रचनेची आहे. १९८२ मध्ये माहिती होती, अहवालही होता. नव्हता तो एक फोन, पोलिसांना केलेला.