थरार, पण घाई नाही!

एक कबुली देते. मी थ्रिलर दीडपट वेगाने बघते. खुनी कोण ते कळलं की काम झालं, असा माझा हिशेब. तुमच्यापैकीही काही जणी असंच करत असतील, हो ना?

मागच्या महिन्यात आई माझ्याकडे राहायला आली होती. रात्री जेवणं उरकून आम्ही ‘मेरी ख्रिसमस’ लावला. दिग्दर्शक श्रीराम राघवन, पुण्यात वाढलेले, ‘अंधाधुन’वाले. म्हटलं, पाच मिनिटांत खून पडणार. वीस मिनिटं झाली तरी दोन अनोळखी माणसं नुसती बोलतायत! माझा हात रिमोटकडे गेला. आई म्हणाली, ‘‘बोलू दे की त्यांना. तुला कुठे जायचंय?’’

मी गपचूप रिमोट खाली ठेवला.

काळ मुंबईला बॉम्बे म्हणायचे तेव्हाचा. रात्र नाताळची. सात वर्षांनी शहरात परतलेला अल्बर्ट (विजय सेतुपती) आणि लहान मुलीला घेऊन बाहेर पडलेली मारिया (कतरिना कैफ) योगायोगाने भेटतात. थोडं फिरतात, गप्पा मारतात, तिच्या घरी नाचतातही. दोघंही काहीतरी लपवतायत, हे आपल्याला जाणवत राहतं. आणि मग घरात असं काही समोर येतं की आधीची प्रत्येक गोड गोष्ट संशयास्पद वाटू लागते. पुढचं सांगत नाही, तुमची मजा जाईल.

या सिनेमाची स्टाइल नुसती दिखाऊ नाही. लाल-पिवळा उजेड, भिंतींवरचे जुन्या धाटणीचे वॉलपेपर, नाताळची रोषणाई, हे सगळं इतकं सुंदर आहे की आपण बेसावध होतो. पुरावे मात्र डोळ्यांसमोरच असतात. अगदी सुरुवातीला पडद्यावर शेजारी शेजारी दोन मिक्सर फिरतात. एकात मसाला, दुसऱ्यात औषधाच्या गोळ्या. मी तेव्हा फोनमध्ये होते. आईने मात्र लगेच विचारलं, ‘‘गोळ्या कशाला गं वाटतायत?’’ रोज मिक्सर लावणाऱ्या बाईच्या नजरेतून ते सुटणार कसं!

कथा मूळची फ्रेंच, फ्रेडरिक दार यांच्या 1961 च्या कादंबरीवर आधारलेली. 12 जानेवारी 2024 ला सिनेमा हिंदी आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत आला. दोन्हींसाठी वेगवेगळं शूटिंग झालं, काही सहकलाकारही वेगळे घेतले. चेन्नई-कोइम्बतूरच्या मैत्रिणींनो, तुम्ही तमिळ बघा आणि सासूबाईंनाही सोबत बसवा.

शेवटच्या काही मिनिटांत जवळजवळ कोणी बोलतच नाही. फक्त चेहरे, नजरा आणि संगीत. दीडपट वेगात मी नेमकं हेच गमावलं असतं.

सिनेमा संपल्यावर मी म्हटलं, ‘‘इतक्या पटकन कोणी अनोळखी माणसावर विश्वास ठेवतं का?’’ आई ताटं उचलत म्हणाली, ‘‘एकटं माणूस ठेवतं गं. कोणीतरी नीट ऐकून घेतलं, की बास.’’

बाबा गेल्यापासून आई गावी एकटीच राहते. तिचा फोन आला की मी लॅपटॉपवर काम करता करता ‘हं, हं’ करते. त्या रात्री आम्ही एकपर्यंत बोलत बसलो. म्हणजे बोलली ती, मी ऐकलं.

या वीकेंडला तुम्हीही बघा. मुलं झोपल्यावर लावा, कारण विषय मोठ्यांचा आहे. दिवे मंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पहिल्या मिनिटाला चहा करायला उठू नका. शेजारी मात्र अशी व्यक्ती बसवा, जिच्याशी नीट बोलून बरेच दिवस झालेत.

आणि हो, शेवट कोणाला सांगू नका!