बांगड्या मोडण्याआधी



गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर एक आई भेटायला आल्या. मुलाची नजर दोन वर्षांपूर्वी गेली. आता त्याला संगणक शिकायचा आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची किंमत ऐकून त्या हातातल्या बांगड्या मोडायला निघाल्या होत्या. म्हणाल्या, "टीचर, ज्याला दिसत नाही, त्याच्याकडूनच एवढे पैसे का घेतात?"

प्रश्न रास्त आहे. या क्षेत्रातले नामांकित सॉफ्टवेअर 'जॉज' १९८९ मध्ये बाजारात आले. ते तयार करणारे टेड हेंटर यांची दृष्टी अपघातात गेली होती. अमेरिकेत त्याचा कायमचा परवाना साधारण ९०० ते १,००० डॉलरच्या घरात राहिला. कारण गिऱ्हाईक थोडे आणि काम न संपणारे. विंडोज किंवा ब्राउझर बदलला की पुन्हा दुरुस्ती करावी लागते. तो खर्च कोटींमध्ये नव्हे, थोड्याच लोकांत वाटला जातो. शिवाय तिकडे पुष्कळदा सरकारी खाते किंवा नोकरी देणारा पैसे भरतो, म्हणून किंमत उतरवण्याची घाई कोणाला नसते. आपल्याकडे मात्र बोजा थेट घरावर येतो.

पण दुसरी वाटही आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 'एनव्हीडीए' लिहायला घेतले. पुढे जेम्स टेह हा त्याचा दृष्टिहीन मित्र सोबत आला. ते आजही मोफत आहे, देणग्या आणि अनुदानांवर चालते आणि मराठीही वाचते. आवाज जरा यंत्रासारखा वाटतो, पण कानाला सवय होते. अँड्रॉइड मोबाइलमधले 'टॉकबॅक'ही मोफतच.

त्या बाईंना म्हटले, "बांगड्या राहू द्या. आधी हे वापरून पाहू."

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. त्यांच्या निमित्ताने सूरह अबसच्या सुरुवातीच्या आयती उतरल्या. ते मदीन्यात अजान देत. इल्म मागायला आलेल्या दृष्टिहीनाकडे पाठ फिरवू नये, हा धडा आपल्याला तिथेच मिळाला आहे.

सॉफ्टवेअर फुकट मिळाले, तरी शिकवणारा माणूस लागतो. मोहल्ल्यातल्या कॉलेजच्या मुलांनी आठवड्यातला एक तास दिला, तर तोही सदकाच. त्या मुलाचा पहिला तास माझ्या मुलीने घेतला. परवा त्याने स्वतःचे नाव टाइप केले, यंत्राने ते वाचले आणि त्याची आई पदराने डोळे पुसत हसली. अल्हम्दुलिल्लाह, बांगड्या अजून हातातच आहेत.