पदर सावरू द्या!

सुट्टीच्या दिवशी सकाळी दादरच्या फुलबाजारात किंवा वसईच्या पाचूबंदरात गेलात, तर हौशी छायाचित्रकारांचे जथे तुम्हाला भेटतील. कोणाच्या गळ्यात लांब नळीचा कॅमेरा, कोणाच्या हातात नुसताच मोबाइल. शेवंतीचा ढीग उपसणारी बाई, मासळीची टोपली उचलणारी कोळीण, भिंतीला टेकून डुलकी घेणारा हमाल यांचे चेहरे टिपायचे आणि पुढे सरकायचे. विचारणे नाही, नाव नाही, गाव नाही. हटकलेच, तर दोन उत्तरे तयार असतात. रस्ता सार्वजनिक आहे, तेथे परवानगी कशाला? आणि परवानगी मागितली, की माणूस सावध होतो, चेहऱ्यावरची सहजता हरपते.

पहिले उत्तर ऐकायला कायदेशीर वाटते. पण रस्ता सार्वजनिक असला, म्हणून त्यावरचा चेहरा सार्वजनिक होत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. केवळ सार्वजनिक जागी आल्याने माणूस हा हक्क गमावत नाही, खासगीपण जागेला नव्हे तर व्यक्तीला चिकटलेले असते, असे त्या निकालपत्रात म्हटले आहे. शिवाय, रस्त्यावर राहतो कोण? मलबार हिलचा गृहस्थ काच वर केलेल्या गाडीतून निघून जातो. भाजीवालीचे दुकान, स्वयंपाकघर, दुपारची विश्रांती, सारे रस्त्यावरच. ‘सार्वजनिक जागा’ या शब्दांचा सारा भार बरोबर तिच्याच डोक्यावर पडतो.

सहजतेचा मुद्दा अधिक कसून तपासायला हवा, कारण चांगली, संवेदनशील माणसेही त्याला भुलतात. ‘बाई, तुमचा फोटो काढू का?’ असे विचारले, की ती पदर सारखा करते, कपाळावरचे केस मागे घेते, खांदे ताठ करते. छायाचित्रकार हिरमुसतो, त्याच्या मते चित्र बिघडले. मला विचाराल, तर चित्र तेथेच सुरू झाले! जगाने आपल्याला कसे पाहावे, हे त्या क्षणी ती स्वतः ठरवते आहे. आपल्या आजोबांनी स्टुडिओत जाऊन, उसना कोट घालून, कागदी फुलांच्या कुंडीशेजारी उभे राहून काढवलेला फोटो आठवा. त्यात सहजता औषधालाही नसे, पण तो माणूस स्वतःच्या मर्जीने तेथे उभा असे. भाजीवालीला तेवढीही मर्जी आपण देऊ नये? घामेजलेली, तोंड वासलेली, बेसावध अशीच ती ‘खरी’, हे कोणी ठरवले? तिने तर नाही.

वाचकहो, हा प्रश्न आपल्या दारातलाही आहे. लाल लुगडे नेसणाऱ्या आपल्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. सणाला त्या चर्चच्या आवारात आल्या, की कॅमेरे त्यांच्याभोवती घोंगावतात. पुढे एखाद्या प्रदर्शनात तो चेहरा भिंतीवर दिसतो आणि खाली शब्द असतो, ‘परंपरा’. कोणाच्याही आजीचे नाव ‘परंपरा’ नसते.

नाव न विचारण्याची किंमत काय, हे अमेरिकेतील एका उदाहरणावरून कळते. १९३६ साली डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात निपोमो येथे शेतमजुरांच्या तळावर एका आईचे छायाचित्र घेतले. मंदीच्या काळाचे ते जणू प्रतीक ठरले. लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला १९७८ साली कळले, आणि तेव्हा त्या म्हणाल्या, की हा फोटो काढलाच नसता तर बरे झाले असते. त्यातून त्यांना एक पैही मिळाली नव्हती. चित्राने सरकारची मदत त्या तळापर्यंत पोहोचवली, हे खरे. तरी बेचाळीस वर्षे त्या बाई स्वतःच्याच चेहऱ्यामागे अनाम राहिल्या.

यावर कोणी भोपाळची आठवण देईल. १९८४च्या वायुकांडात मातीआड होणाऱ्या त्या अनाम बालकाचे छायाचित्र घेण्याआधी परवानगी कोणाची मागायची होती? मान्य. अन्यायाची साक्ष देणारा कॅमेरा निराळा, त्याला थांबवू नये. पण फुलबाजारात रविवारी कोणता अन्याय टिपला जातो?

परगावच्या प्रवाशाला निदान सबब तरी असते, की गाडी सुटायची आहे. आपल्याच शहरात हिंडणाऱ्याला ती नाही. तो पुढच्या रविवारी पुन्हा येऊ शकतो, छापील प्रत हातात देऊ शकतो, नकारही ऐकू शकतो. दिल्लीच्या दयानिता सिंग यांनी हेच केले. आपल्याच शहरातील मोना अहमद या हिजड्याची छायाचित्रे त्यांनी एका लंडनच्या वृत्तपत्रासाठी घेतली होती. ती कोठे छापली जाणार हे कळताच मोनाने रोल परत मागितला, आणि सिंग यांनी तो दिला! काम बुडाले, पण मैत्री जडली, आणि २००१ साली आलेल्या ‘मायसेल्फ मोना अहमद’ या पुस्तकात छायाचित्रांसोबत मोनाचे स्वतःचे शब्द आले.

प्रत्येकाने पुस्तक काढावे, असे नाही. नाव विचारावे, चार शब्द बोलावे, प्रत नेऊन द्यावी. एवढे तर दादरच्या पुलाखालीही जमते. आणि ती ‘नको’ म्हणाली, तर कॅमेरा पिशवीत ठेवून तिच्याकडून पावशेर शेवंती घ्यावी.