मुकुट उतरतो तेव्हा

राजाराणीच्या ज्या गोष्टी आपण लहानपणी ऐकतो, त्या बहुधा राज्याभिषेकाशी संपतात. चौघडा वाजतो, हत्तीवरून साखर वाटली जाते आणि मुले झोपी जातात. शेक्सपिअरचे एक नाटक मात्र उलट्या दिशेने चालते. त्यात भर दरबारात राज्याभिषेकच उलटा होतो. राजा आपल्या हाताने आपला मुकुट उतरवतो. नाटकाचे नाव 'दुसरा रिचर्ड'. १५९५ च्या सुमारास लिहिलेले, पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत सगळे पद्यात.

हा रिचर्ड इतिहासातला खरा राजा. जन्म १३६७ चा. गादीवर आला १३७७ साली, म्हणजे वयाच्या दहाव्या वर्षी. चौदाव्या वर्षी, १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात, तो लंडनच्या स्मिथफील्ड मैदानावर बंडखोरांना सामोरा गेला. पोर धीट होते यात शंका नाही. पण मिसरूड फुटण्याआधीच ज्याच्यापुढे सगळे दरबारी वाकले, त्याला आपणही इतरांसारखे माणूस आहोत हे उमगायला वेळ लागतो. रिचर्डला ते उमगले तेव्हा उशीर झाला होता.

१३९८ साली त्याने आपला चुलतभाऊ हेन्री बोलिंगब्रोक याला हद्दपार केले. पुढच्याच वर्षी हेन्रीचा बाप, गाँटचा जॉन, वारला. परदेशात असलेल्या मुलाची वडिलोपार्जित इस्टेट राजाने जप्त केली आणि स्वारी आयर्लंडच्या मोहिमेवर निघाली. इकडे हेन्री इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. म्हणाला, मला राज्य नको, माझ्या बापाचे आहे तेवढे द्या. सप्टेंबर १३९९ मध्ये तो राजा होऊन बसला होता! रिचर्ड पाँटिफ्रॅक्टच्या किल्ल्यात कैदी झाला आणि १४०० च्या आरंभी, तेहतिसाव्या वर्षी, तिथेच गेला. नाटकात त्याच्यावर मारेकरी घातले जातात. इतिहासकारांचा कल त्याची उपासमार झाली असावी असे मानण्याकडे आहे.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. 'प्रॉस्पेक्ट' नावाची इंग्लंडातली एक फिरती नाटकमंडळी होती. १९६९ च्या एडिंबरो महोत्सवात तिने दोन राजांची दोन नाटके जोडीने लावली: शेक्सपिअरचा दुसरा रिचर्ड आणि मार्लोचा दुसरा एडवर्ड. दोन्ही राजे गादीवरून खाली ओढलेले, आणि दोन्ही भूमिका एकाच तीस वर्षांच्या नटाच्या. त्या नटाचे नाव इयन मॅकेलन. समोरचा प्रतिस्पर्धीही दोन्हीकडे एकच, टिमोथी वेस्ट. मार्लोच्या नाटकात राजाचे आपल्या मित्रावरचे प्रेम उघड दाखवले म्हणून एडिंबरोत तक्रार झाली. पोलीस येऊन पाहून गेले आणि नाटक चालू राहिले. १९७० साली बी.बी.सी.ने ही दोन्ही नाटके दूरचित्रवाणीवर दाखवली, आणि ज्यांच्या गावात नाट्यगृह नव्हते त्यांच्याही दिवाणखान्यात दोन राजे येऊन रडून गेले.

पण या 'रिचर्ड'ची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती दूर ब्रातिस्लाव्हा शहरात. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले होते. त्यानंतर ही मंडळी दौऱ्यावर तिथे गेली. आयर्लंडहून परतलेला रिचर्ड किनाऱ्यावर गुडघे टेकून आपल्या भूमीला हाताने कुरवाळतो आणि शत्रूच्या पावलांना वाट देऊ नकोस असे तिला विनवतो, असा एक प्रसंग नाटकात आहे. त्या वेळी प्रेक्षकांतून हुंदके ऐकू येऊ लागले. मॅकेलन यांनी पुढे ही आठवण सांगितली आहे. चौदाव्या शतकातल्या एका इंग्रज राजाच्या तोंडून त्या लोकांना आपलेच दुःख ऐकू आले होते.

सत्ताधाऱ्यांना या नाटकाची धास्ती वाटावी याचे मला नवल वाटत नाही. फेब्रुवारी १६०१ मध्ये अर्ल ऑफ एसेक्सने एलिझाबेथ राणीविरुद्ध बंड केले. त्याच्या आदल्याच दिवशी त्याच्या माणसांनी शेक्सपिअरच्या मंडळीला नेहमीच्या उत्पन्नावर चाळीस शिलिंग जादा देऊन हे नाटक करायला लावले होते. नाटक जुने झाले, गर्दी होणार नाही, अशी नटांची कुरकुर होती! बंड फसले, एसेक्सचे शिर गेले. नट मात्र चौकशीतून सुटले. राणीच्या हयातीत छापलेल्या प्रतींत मुकुट उतरवण्याचा तो दरबारी प्रवेश सापडत नाही. तो पहिल्यांदा छापला गेला १६०८ साली, राणीच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.

त्या प्रवेशात आहे तरी काय? एक मुकुट, तो धरलेले दोन हात, आणि विहिरीच्या दोन पोहऱ्यांची उपमा: एक पाण्याने जड होऊन तळाशी गेलेला, दुसरा रिकामा, वर नाचणारा. मग राजा आरसा मागवतो. मुकुट गेल्यावर चेहरा बदलला का, ते त्याला पाहायचे असते. चेहरा तोच! संतापून तो आरसा फोडतो.

पडद्यावर हे पाहताना मला एक लाभ जाणवला आणि एक तोटाही. लाभ असा की कॅमेरा त्या दोन हातांच्या अगदी जवळ जातो. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला बोटांची थरथर कधी दिसणार? तोटा असा की कॅमेरा बहुधा बोलणाऱ्याकडे पाहतो, आणि या प्रवेशात बोलतो रिचर्ड. बोलिंगब्रोक जवळजवळ गप्प असतो. नाट्यगृहात मी हवे तेव्हा त्या गप्प माणसाकडे पाहू शकतो. ज्याच्या हाती सत्ता आलेली असते त्याला फार बोलावे लागत नाही, हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते. पडद्यावर ते दिग्दर्शक दाखवील तेवढेच. १९९५ साली डेबोरा वॉर्नर यांनी फिओना शॉ या अभिनेत्रीला रिचर्ड केले, पुढे तो प्रयोगही दूरचित्रवाणीवर आला. २०१३ साली डेव्हिड टेनंटचा रिचर्ड स्ट्रॅटफर्डहून थेट चित्रपटगृहांत पोहोचला. साधने सुधारत गेली, पण कोणाकडे पाहायचे हा प्रश्न उरलाच.

आमच्या घरी सगळे मिळून हे नाटक पाहत असताना पुतणीने विचारले, "काका, यात खलनायक कोण?" मी तिला राजाच्या वृद्ध काकाचे, यॉर्कच्या ड्यूकचे म्हणणे सांगितले. इस्टेट जप्त होताना तो पुतण्याला बजावतो, की बापामागे मुलाचा हक्क तू मोडलास, तर तू राजा आहेस तो कोणत्या हक्काने? वारशानेच ना? राजाने ऐकले नाही. दुसऱ्याचा हक्क मोडताना आपण आपल्याच पायाखालची फळी काढतो आहोत, हे त्याला दिसले नाही. आणि ज्याच्यावर अन्याय झाला, त्याने आपले परत घेता घेता दुसऱ्याचेही घेतले. खलनायक असा कोणी नाही. मोडलेला कायदा आहे, आणि त्याच्या फटीतून घसरलेली दोन माणसे आहेत.

पुतणी थोडा वेळ विचार करून म्हणाली, "म्हणजे हे आपल्या घरोघरच्या वाटण्यांसारखंच झालं की!" झाले खरे. फरक एवढाच की वाटणीच्या भांडणातून आपण दिवाळीला एकमेकांच्या घरचा फराळ बंद करतो, आणि राजे गळे कापतात. या सुट्टीत हे नाटक मिळाले तर घरच्या सगळ्यांनी मिळून जरूर पाहा. आणि राजा बोलू लागला, की कॅमेरा दाखवो न दाखवो, शेजारी गप्प उभा असलेल्याकडे लक्ष असू द्या.