विरळ हवेतली रांग

२२ मे २०१९ रोजी टिपलेले एव्हरेस्टचे ते छायाचित्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. शिखराजवळच्या धारेवर, रेशनच्या दुकानापुढे लागावी तशी, माणसांची रांग! त्या हंगामात तिथे ११ जण दगावले. त्यांत महाराष्ट्रातले गिर्यारोहकही होते.

गर्दीने बळी घेतले, असे म्हणून आपण मोकळे झालो. पण गर्दी मुंबईच्या लोकललाही असते. ८,००० मीटरच्या वरची गोष्ट वेगळी. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक-तृतीयांश उरतो. तिथे शरीर रुळत नाही, नुसते झिजते. फुप्फुसांत पाणी साठू शकते, मेंदूला सूज येऊ शकते. पण त्याआधीच विचारशक्ती मंदावते. नळकांड्यातला प्राणवायू तर रांगेत नुसते उभे राहूनही संपतो.

मग ज्याची बुद्धीच थकली आहे, त्याच्यावर परतण्याचा निर्णय सोपवायचा कसा? माझ्या मते तो खाली, परवाना देतानाच व्हायला हवा. नेपाळने त्या वर्षी ३८१ परवाने दिले. परदेशी गिर्यारोहकाला तेव्हा शुल्क होते ११ हजार डॉलर. एवढे मोजून आलेला माणूस शिखर समोर दिसत असताना आपणहून मागे वळेल, अशी अपेक्षा काठमांडूत बसून कोणी करू नये.