दाखविलेले कागद आणि दडविलेले कागद

रॉजर केसमेंटचें नांव निघालें कीं विद्वान मंडळी एकाच प्रश्नावर हमरीतुमरीवर येतात: त्याच्या म्हणून दाखविण्यांत आलेल्या रोजनिशा अस्सल कीं बनावट? या वादावर पुस्तकांमागून पुस्तकें निघालीं. आमचें म्हणणें असें कीं, हा प्रश्न मुळांत एवढा महत्त्वाचा नव्हताच. ज्यांना त्याची गरज होती त्यांनीं तो पुढें केला, आणि नवल हें कीं, केसमेंटच्या भक्तांनींही तो निमूटपणें पत्करला.

केसमेंट १८६४ सालीं डब्लिनजवळ जन्मला आणि पुढें ब्रिटिश परराष्ट्रखात्यांत कॉन्सल झाला. कॉन्सलानें व्यापाराचे आंकडे कळवावे, खलाशांचे तंटे मिटवावे आणि पेन्शनची वाट पाहावी, अशी एरवींची रीत. हा मात्र १९०३ सालीं काँगो नदीनें थेट आंत शिरला. बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची ती जवळजवळ खासगी जहागीर. रबराच्या सक्तीनें ओस पडलेलीं गांवें आणि हात तोडलेलीं माणसें त्यानें पाहिलीं, त्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. १९०४ सालीं अहवाल छापला गेला तेव्हां परराष्ट्रखात्यानें त्यांतील माणसांचीं व गांवांचीं नांवें गाळून त्या जागीं नुसतीं अक्षरें घातलीं. केसमेंट संतापला, आणि तें योग्यच होतें. ज्याचा हात गेला त्याचें नांवही जावें काय? तरीही तो अहवाल वाया गेला नाहीं. १९०८ सालीं लिओपोल्डला काँगो सोडावा लागला.

१९१० सालीं त्यानें दक्षिण अमेरिकेंत पुटुमायो नदीच्या खोऱ्यांत अशीच चौकशी केली. तेथील रबर कंपनी लंडनमध्यें नोंदलेली होती आणि तिच्या मुकादमांत बार्बेडोसचे ब्रिटिश प्रजाजन होते, म्हणून ब्रिटिश सरकारास बोलण्याचा हक्क पोहोंचला. १९११ सालीं त्यास 'सर' ही पदवी मिळाली.

१९१३ सालीं तो निवृत्त झाला. महायुद्ध पेटतांच आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठीं शस्त्रें मिळवावीं म्हणून तो जर्मनीस गेला, १९१६ च्या एप्रिलांत पाणबुडींतून केरीच्या किनाऱ्यावर उतरला आणि कांहीं तासांतच पकडला गेला. १३५१ सालच्या कायद्यान्वयें त्यास राजद्रोही ठरवून फांशीची शिक्षा देण्यांत आली. तो निकाल बरोबर कीं चूक, हा कायदेपंडितांचा विषय. त्यांत आम्ही शिरत नाहीं.

पुढें जें घडलें तें मात्र कायदेपंडितांवर सोपवून चालणार नाहीं. शिक्षा कमी व्हावी म्हणून अर्ज होऊं लागले. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉईल त्यांत पुढें होता. नेमक्या त्याच वेळीं सरकारी अधिकाऱ्यांनीं पोलिसांच्या हातीं आलेल्या रोजनिशांतील उतारे वृत्तपत्रकारांना आणि खुद्द अमेरिकन वकिलाला खासगींत दाखविले. त्यांत केसमेंटच्या पुरुषांशीं असलेल्या संबंधांच्या नोंदी होत्या. खटल्यांत हे कागद पुरावा म्हणून मांडले गेले नव्हते. त्यांचा आरोपाशीं संबंधच नव्हता. ३ ऑगस्ट १९१६ रोजीं त्यास फांशी झाली. त्यानंतर मात्र या रोजनिशा आहेत कीं नाहींत, हें सांगावयासही सरकार वर्षानुवर्षें तयार होईना! १९५९ सालीं पॅरिसांत त्या छापल्या गेल्या तेव्हां निवडक अभ्यासकांपुरतें दप्तर उघडलें. सर्वांस तें खुलें होण्यास १९९४ साल उजाडलें.

कोणी म्हणेल, युद्धकाळीं राज्याला असलीं साधनें वापरावींच लागतात. पण शिक्षा तर आधींच मिळविलेली होती. कुजबूज हवी होती ती केवळ दयेची वाट अडविण्यासाठीं. कागद पुरावा असेल तर तो न्यायाधीशापुढें ठेवावा, म्हणजे आरोपीस उत्तर तरी देतां येतें. खासगी असेल तर मोहोरबंद करावा. निवडक डोळ्यांना दाखवावयाचा आणि बाकी जगापासून दडवावयाचा, हें राज्यकारभाराचें नव्हे, चहाडखोराचें काम.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. १९३६ सालीं मॅलोनी नांवाच्या लेखकानें या रोजनिशा बनावट असल्याचें प्रतिपादणारें पुस्तक काढलें, आणि स्वातंत्र्यप्रेमी आयरिश वाचकांनीं तें उचलून धरलें. हेतु चांगला, पण त्यामागील गृहीत कृत्य कोणाचें? फांशी देणाऱ्यांचेंच! रोजनिशा खऱ्या ठरल्या तर हुतात्मा संपला, हें दोन्ही पक्षांना मान्य. २००२ सालीं तज्ज्ञांनीं हस्ताक्षर तपासून तें केसमेंटचेंच ठरविलें. बरें, मग? काँगोंतल्या माणसांचे तुटलेले हात त्यामुळें पुन्हां फुटले काय? बार्बेडोसच्या मुकादमांच्या जबान्या खोट्या झाल्या काय? १९१० च्या त्याच चौकशीच्या दिवसांचें त्याचें सविस्तर टिपण डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे, आणि खासगी रोजनिशी लंडनला क्यू येथील दप्तरखान्यांत. एकाच माणसाचे तेच महिने दोन देशांनीं वांटून घेतले. एकानें संत ठेवला, दुसऱ्यानें पापी.

१९६५ सालीं त्याच्या अस्थि आयर्लंडला परत मिळाल्या. अंत्यविधीस ८२ वर्षांचे राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा जातीनें उभे राहिले. रोजनिशा क्यू येथेंच राहिल्या. ज्यांस त्या चाळावयाच्या असतील त्यांनीं खुशाल चाळाव्या. मात्र त्याच टेबलावर काँगोचा अहवालही मागवून घ्यावा, आणि शक्य तर नांवें न गाळलेला.