खाडाखोड

भाच्याने गिटारसाठी १९६५ चा फेंडर ॲम्प्लिफायर पसंत केला. विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, अगदी ओरिजिनल! स्क्रूलासुद्धा हात लावलेला नाही." मी पडलो बँकेतला कारकून, असं कुणी म्हटलं की माझी नजर आधी खाडाखोड शोधते.

उघडायचं काम मेकॅनिकला दिलं, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशेवर व्होल्ट मुक्काम ठोकून असू शकतात. त्याने एका पॉटवरचा आकडा वाचला: १३७६५१२. म्हणजे कंपनी सीटीएस, साल १९६५, आठवडा बारावा. छान! शेजारच्यावर १३७७८३४. म्हणजे १९७८! आजोबांच्या बारशाच्या फोटोत नातू उभा! शिवाय तिथलं सोल्डर चकचकीत, आणि चेसिसला एक जास्तीचं भोक.

माझं भांडण बदलाशी नाही. दोन पिनांची जुनी वायर काढून अर्थिंगची तीन पिनांची घातली, तर ते पुण्यच, जीव वाचतो. भांडण आहे ते लपवण्याशी. दहा रुपयांच्या चेकवर खाडाखोड दिसली तरी आम्ही पूर्वी शेजारी सही मागत असू. इथे तर पोराची तीन वर्षांची पुंजी!

"पण मामा, आवाज झकास आहे हो."

"मग घे की. फक्त ओरिजिनलचा भाव देऊ नकोस."